घर सरकले, कागद गावातच राहिला

यंदा रमजान आणि बारावीची परीक्षा एकत्रच आली. आमच्या धाकट्या पुतणीने रोजे ठेवून पेपर दिले. विज्ञानाचे मुख्य पेपर संपले, त्यानंतरच्या रविवारी दादींनी साऱ्या खानदानाला इफ्तारला बोलावले. आम्ही कौसा-मुंब्र्याला राहतो. थोरले चाचा मदनपुऱ्याहून आले, फुफी मीरा रोडहून, चुलतभाऊ तळोज्याहून आणि मामू भिवंडीहून. अजान व्हायला पाच मिनिटे असताना मामू धापा टाकत दारात उभे राहिले. चाचा हसून म्हणाले, ‘‘एके काळी आपण सगळे एकाच मजल्यावर राहत होतो. इफ्तारची थाळी या खोलीतून त्या खोलीत जायची. आता असरच्या आधी निघालो तरच मगरिबला पोहोचतो.’’

चाचा सहज बोलून गेले, पण त्या एका वाक्यात मुंबई महानगर प्रदेशाचा पन्नास वर्षांचा इतिहास होता. त्या रात्री जेवण उरकल्यावर आम्ही बराच वेळ याच विषयावर बोलत बसलो. शहर कुठे सरकले, रोजगार कुठे गेले, मुले किती शिकली, आणि या सगळ्या धावपळीत आपल्या हातून काय निसटले? ही चर्चा वाचकांच्या घरातही होत असणार. म्हणून ती येथे मांडत आहोत.

शहर रिकामे होते आहे, प्रदेश भरतो आहे

‘मुंबईची गर्दी वाढतच चालली आहे’ असे आपण सर्रास म्हणतो. आकडे वेगळेच सांगतात. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबई शहर जिल्ह्यात २००१ साली सुमारे ३३ लाख ३८ हजार लोक राहत होते. २०११ च्या जनगणनेत ही संख्या ३० लाख ८५ हजारांवर आली. म्हणजे दहा वर्षांत साडेसात टक्के लोक कमी झाले. त्याच दशकात त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली आणि तो देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. मीरा-भाईंदर ५ लाख २० हजारांवरून ८ लाख ९ हजारांवर गेले. ठाणे शहर साडेबारा लाखांवरून अठरा लाखांच्या पुढे गेले, आणि मुंब्रा-कौसा त्याच महापालिकेत येते. पुढे २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि २०१६ मध्ये पनवेल महापालिका स्थापन झाली. पसरलेल्या वस्तीला सरकारी नकाशाने उशिरा दिलेली ही मान्यता होती.

या आकड्यांची दुसरी बाजू कोकणात दिसते. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात फक्त ८३२. अर्थ उघड आहे. कर्ता पुरुष मुंबईत किंवा आखातात, आणि घर सांभाळायला आई, बायको, सून गावात. आपल्या कोकणी वाचकांना हे आकड्यांतून सांगण्याची गरज नाही, त्यांच्या घरातले फोनच ते सांगतात.

आमचे दादा सातारा जिल्ह्यातून भायखळ्याला आले आणि एका कापड गिरणीत साचे चालवू लागले. घरात आम्ही चौदा माणसे आणि खोली एक. १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबांनी मुंबईतली घरे सोडून मुंब्र्याची वाट धरली, त्यांत आम्हीही होतो. काहीजण भीतीपोटी आले, काही जागेच्या टंचाईमुळे, तर काही दोन्ही कारणांनी. खाडीकाठचे लहानसे गाव बघता बघता लाखोंचे शहर झाले. इतक्या वेगाने बांधलेल्या इमारतींचे व्हायचे तेच झाले. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जण दगावले. स्वस्त घर कधी कधी किती महाग पडते, हे त्या दिवशी साऱ्या प्रदेशाने पाहिले.

घरात माणसे किती

मुस्लिम कुटुंबांच्या आकाराबद्दल बाहेर खूप बोलले जाते. आपण मात्र गप्प राहतो, कारण आकडे आपल्याला माहीत नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये देशातील मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हा दर २.३६ वर आला. सर्व समाजांचा मिळून देशाचा दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आहे. अंतर अजून आहे, पण ते झपाट्याने कमी होत आहे. मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, तसतसा हा बदल प्रत्येक समाजात झाला.

आमच्या घरातच पाहा. दादींना सात मुले झाली. त्यांच्या सुनांना तीन-तीन, चार-चार. आमच्या पिढीत दोन, फार तर तीन. दादी म्हणतात, ‘‘आमच्या वेळी मुले मोजायची नसतात असे म्हणायचे. आता त्यांची फी मोजावी लागते.’’

याचा एक परिणाम आपण नीट लक्षात घ्यायला हवा. ज्या घरात मुले कमी, त्या घरात प्रत्येक मुलावर जास्त खर्च करता येतो. आणि ज्या घरातली मुले नोकरीसाठी लांब राहतात, त्या घरातल्या म्हाताऱ्यांची जबाबदारी एक-दोघांवरच येते. मदनपुऱ्यात चाचा आणि चाची दोघेच आहेत. आजारपणात त्यांच्याकडे रात्री कोण पोहोचणार, यावर आमच्या घरात अजूनही एकमत झालेले नाही.

रोजगाराचा नकाशा बदलला

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीवर कार्यालये, मॉल आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. दादांच्या हातात साचा चालवण्याचे कसब होते, त्या कसबाला शहरात जागा उरली नाही. कापडाचे बरेचसे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले. तिथे गिरणीतले वेतन नव्हते, भविष्यनिर्वाह निधी नव्हता, होती ती मीटरवर मोजलेली मजुरी.

आता भिवंडीही बदलते आहे. मामूंच्या कारखान्यात एके काळी रात्रंदिवस मागांचा खडखडाट चालायचा. विजेचे दर, सुताचे चढ-उतार आणि बाहेरून येणारे स्वस्त कापड यांपुढे त्यांनी माग भंगारात काढले आणि जागा भाड्याने दिली. मुंबई-नाशिक महामार्गालगत आता मैलोन्‌मैल गोदामे दिसतात. आपण मोबाइलवर मागवलेली वस्तू बहुधा तिथूनच निघते. मामूंचा मुलगा अशाच एका गोदामात पाळीने काम करतो. बाप कारागीर होता, मुलगा कंत्राटी कामगार आहे. पगार महिन्याला येतो, हे बरेच म्हणायचे. पण कंत्राट किती महिन्यांचे, हे त्यालाही माहीत नसते.

चांगल्या पगाराच्या नोकऱ्या कुठे आहेत? वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, ठाणे, ऐरोली, बेलापूर. बंदराशी जोडलेली कामे न्हावाशेवा येथे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे, त्यामुळे तळोज्याच्या आमच्या चुलतभावाचा रोजचा एक तास वाचला. येत्या दहा वर्षांत पनवेल, उलवे, तळोजा या पट्ट्यात मालवाहतूक, देखभाल, हॉटेल, हिशेब, संगणक अशी हजारो कामे निघतील. ती कुणाला मिळतील, हे मात्र ज्याच्या हातात प्रमाणपत्र आणि कौशल्य आहे त्यावर ठरेल. गेल्या पिढीत कसब बापाकडून मुलाकडे यायचे. या पिढीत ते महाविद्यालयातून किंवा आयटीआयमधून आणावे लागते.

आपल्या बायकांच्या कामाबद्दलही बोलायला हवे. मुंब्रा, गोवंडी, कुर्ला येथल्या असंख्य घरांत जरी, टिकल्या, बटणे, पिशव्या यांचे काम चालते. नगावर पैसे मिळतात. कुणी विचारले की आपणच सांगतो, ‘‘ती काही करत नाही, घरीच असते.’’ दिवसाला सहा-सात तास सुई चालवणाऱ्या बाईची नोंद मग कुठल्याच कागदावर होत नाही.

शाळेपर्यंत पुढे, कॉलेजात मागे

शिक्षणाचे चित्र जितके काळे रंगवले जाते तितके ते नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ मध्ये दिलेल्या अहवालात २००१ च्या जनगणनेचा आधार घेतला होता. देशात मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के, म्हणजे सरासरीहून कमी होती. महाराष्ट्रात मात्र ती ७८.१ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच होती. ‘मुस्लिम मुले फक्त मदरशात जातात’ हा समजही त्या अहवालाने खोडून काढला. शाळेच्या वयातली अवघी तीन टक्के मुस्लिम मुले मदरशात शिकत होती.

खरी घसरण पुढे आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशभरात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. २०२०-२१ मध्ये ही संख्या १९ लाख २१ हजारांवर आली. लोकसंख्येत वाटा चौदा टक्के आणि महाविद्यालयांत वाटा ४.६ टक्के. ते कोविडचे वर्ष होते, घराघरांतले उत्पन्न थांबले होते, हे खरे. पण शिक्षण सोडून रिक्षा, गोदाम किंवा दुकान धरलेला मुलगा परत वर्गात बसत नाही, हेही तितकेच खरे. त्यात २०२२ मध्ये पहिली ते आठवीची केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद झाली आणि संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही थांबली.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे नेहमीच अर्धवट सुटतो. आमच्या घरात दादी दखनी बोलतात, आम्ही आपसात दखनी-मराठी दोन्ही, आणि मुले शाळेत इंग्रजी. उर्दू माध्यम, मराठी माध्यम की इंग्रजी, यावर आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या वेळी वाद झाला. अनुभवाने एवढे कळले की माध्यम कोणतेही असो, ज्या मुलाला मराठी लिहिता-वाचता येते त्याला तहसील कार्यालय, राज्य सेवा परीक्षा, बँक, पोलीस भरती यांची दारे परकी वाटत नाहीत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. आपल्यासारख्या मराठी घरांना ती सक्ती वाटण्याचे कारण नाही. ती आपली भाषा आहे.

एका रकान्याची किंमत

आता मूळ गोष्ट. थोरल्या पुतणीने २०२२ साली अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. गुण चांगले होते. आम्ही अत्तार. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मन्यार, बागवान अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या आहेत. तिला इतर मागासवर्गातून अर्ज करता आला असता. पण घरात एकाकडेही जातीचा दाखला नव्हता. गरजच पडली नव्हती.

आम्ही जवळच्या सेतू केंद्रात गेलो. तिथे कळले की दाखला राहत्या ठिकाणी मिळत नाही. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले वाडवडील महाराष्ट्रात जिथे राहत होते, तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि त्या तारखेआधीचा पुरावा द्यावा लागतो. आम्ही गावी गेलो. शाळेत दादांचे नाव सापडले, जन्मतारीख सापडली, पण जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले होते. धर्म लिहिला होता, जात नव्हती. कार्यालयातल्या बाबूंनी अर्ज परत केला. प्रवेशाच्या फेऱ्या तोपर्यंत संपत आल्या.

पुतणीने खुल्या गटातून प्रवेश घेतला. ठाण्यातले महाविद्यालय थोडक्या गुणांनी हुकले. मिळाले ते कर्जतच्या बाजूला. चार वर्षे ती मुंब्र्याहून कल्याण, कल्याणहून कर्जत लोकल आणि पुढे रिक्षा असा प्रवास करते आहे. फजर पढून निघायची ती मगरिबनंतर घरी यायची. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले, त्या दिवशी तिचा फोन लागेपर्यंत तिच्या आईने घरात बसून काढलेली वेळ आम्ही विसरू शकत नाही. ती सुखरूप होती. पण हा प्रवास एका रिकाम्या रकान्यामुळे नशिबी आला होता, हे आम्हाला त्या दिवशी फार जाणवले.

मग आम्ही पुन्हा कामाला लागलो. या वेळी फक्त दादांचा नव्हे, त्यांच्या भावांचा, चुलत्यांचा शोध घेतला. दादांच्या थोरल्या भावाचे नाव शेजारच्या गावातल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडले. तिथल्या गुरुजींनी कोण जाणे का, पण सवडीने पूर्ण लिहिले होते, ‘मुसलमान अत्तार’. त्या दोन शब्दांवर, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासह, आमच्या घरात पहिला दाखला आला. धाकट्या पुतणीने अकरावीतच पडताळणी समितीकडे अर्ज केला आणि आज तिच्याकडे वैधता प्रमाणपत्र आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार इतर मागासवर्गातील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. थोरलीला जे मिळाले नाही ते धाकटीला मिळण्याची आशा आहे. थोरली हे सांगताना हसते. पण एकदा ती म्हणाली होती, ‘‘माझ्या वेळी हा कागद का नाही शोधला?’’ आमच्याकडे उत्तर नव्हते.

दारावर येणारा प्रगणक

२०११ नंतरची जनगणना आता होत आहे. केंद्र सरकारने जाहीर केल्याप्रमाणे एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात राज्याराज्यांत घरांची नोंद होईल आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची. या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. वर दिलेले बरेच आकडे पंधरा वर्षांचे जुने आहेत, कारण मधल्या काळात मोजणीच झाली नाही. शाळा किती हव्यात, पाणी किती हवे, दवाखाना कुठे हवा, प्रभागाची हद्द कुठून काढायची, हे सगळे या मोजणीवर अवलंबून असते. मुंब्रा, मीरा रोड, तळोजा येथल्या आपल्या वस्त्या आज आहेत तशा कागदावर उमटल्या नाहीत तर पुढची कैक वर्षे आपण जुन्या आकड्यांच्या हिशेबाने पाणी पिऊ.

काही घरांत या मोजणीची भीती आहे. १९४८ च्या जनगणना अधिनियमानुसार प्रत्येक व्यक्तीची माहिती गोपनीय राहते आणि त्या कायद्याखालचा खटला सोडला तर ती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा दार उघडावे, चहा विचारावा आणि माहिती नीट द्यावी. मातृभाषा विचारली तर आईने लहानपणी आपल्याशी जी भाषा बोलली ती सांगावी. मराठी असेल तर मराठी, दखनी असेल तर दखनी, उर्दू असेल तर उर्दू. कुणी शिकवले म्हणून दुसरी सांगू नये. येणारी इतर भाषा विचारली तर तीही सांगावी. जरीकाम करणारी सून ‘काही करत नाही’ असे सांगू नये. ती काम करते.

एवढे तरी करू या

त्या रात्री उठण्यापूर्वी आम्ही घरातल्या सर्वांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. वाचकांनाही त्या उपयोगी पडतील.

एक, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून वंशावळ लिहून घेणे. कोण कुठल्या गावात, कुठल्या शाळेत, साधारण कुठल्या साली. दादी आहेत तोपर्यंतच हे शक्य आहे.

दोन, १९६७ पूर्वीच्या शाळेच्या नोंदी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे उतारे यांच्या नकला काढून ठेवणे. मूल दहावीत असतानाच सुरुवात करावी, बारावीत नव्हे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदतही पाहून ठेवावी.

तीन, घर घेताना दर आणि मशीद किती जवळ, एवढेच न पाहता बांधकाम परवानगी, महारेराची नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहणे. जवळ रेल्वे किंवा मेट्रो आहे का, मुलीला एकटीने कॉलेजला जाता येईल का, हेही विचारणे.

चार, मोहल्ल्याच्या मशिदीत, जुम्याच्या नमाजनंतर, महिन्यातून एकदा दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याची बैठक घेणे. संगणक येणारी चार मुले-मुली प्रत्येक गल्लीत आहेत. जकातीतून फी भरणे चांगलेच, पण ज्या मुलाला सरकारी सवलतच मिळू शकते त्याला ती मिळवून देणे ही जकात दुसऱ्या गरजूसाठी वाचवण्यासारखे आहे.

इफ्तारची भांडी आवरून झाली तेव्हा साडेदहा वाजले होते. चाचांना परत मदनपुऱ्याला जायचे होते. थोरल्या पुतणीने त्यांच्यासाठी लोकलची वेळ पाहिली. धाकटी दादींच्या शेजारी वही घेऊन बसली होती. दादी सांगत होत्या, ‘‘माझ्या सासऱ्यांचे नाव लिही. ते पाटणच्या बाजूला दुकान लावायचे...’’ आणि ती लिहून घेत होती.